परदेशांतील विज्ञानसंस्था : शिक्षण व संशोधनाच्या संधींचा शोध

मुंबईजवळील कल्याण येथे १९६५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ३२ लहान थाळ्यांची एक रेडिओ दुर्बीण उभारली. प्रत्येक थाळीचा व्यास अवघा ६ फूट होता. सूर्याकडून येणाऱ्या रेडिओलहरींचा अभ्यास करणारी ही दुर्बीण आजच्या मानाने अगदी साधी होती. परंतु तिच्या थाळ्या कल्याणपर्यंत कशा आल्या, हा इतिहास प्रत्येक शिक्षकाने जाणून घ्यावा असा आहे.

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे संचालक डॉ. के. एस. कृष्णन १९५२ मध्ये एका आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे गेले होते. तेथे रेडिओ खगोलशास्त्र या नव्या शाखेत चाललेले काम पाहून ते प्रभावित झाले. परत आल्यावर त्यांनी ही हकीकत आपल्या प्रयोगशाळेतील तरुण सहकाऱ्यांना सांगितली. त्यांच्यातील गोविंद स्वरूप यांनी कोलंबो योजनेखालील अधिछात्रवृत्तीसाठी अर्ज केला आणि १९५३ मध्ये ते सिडनीला रवाना झाले. सिडनीच्या पॉट्स हिल केंद्रावरील, पुढे वापरातून काढण्यात यावयाच्या ३२ थाळ्या ऑस्ट्रेलियाने भारताला भेट म्हणून दिल्या. स्वरूप यांनी नंतर अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून १९६३ मध्ये ते मायदेशी परतले. त्याच थाळ्या पुढे कल्याणला उभ्या राहिल्या. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील ३० महाकाय अँटेना असलेली मीटरलहरी रेडिओ दुर्बीण हीदेखील स्वरूप यांच्याच नेतृत्वाखाली साकार झाली.

या घटनाक्रमातील पहिली कडी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. संधी सिडनीत होती, योजना अस्तित्वात होती आणि विद्यार्थी बुद्धिमान होता. परंतु ज्याला ती माहिती होती अशा वडीलधाऱ्या व्यक्तीने येऊन सांगितले नसते, तर या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या नसत्या. आज माहितीचा तुटवडा नाही. उलट तिचा महापूर आहे. तरीही तालुक्याच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या गुणवान विद्यार्थ्यापर्यंत योग्य माहिती योग्य वेळी पोहोचतेच असे नाही. हे अंतर शिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी कमी करू शकतात.

परंपरा आणि अडथळे

परदेशी विद्याभ्यासाची महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये ते लंडनला आले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. स्वतःची बचत, मित्राकडील कर्ज आणि राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये त्यांनी डी.एस्सी. पदवी मिळविली. एवढ्या असामान्य बुद्धीच्या विद्यार्थ्याचीही तीन वर्षे पैशाअभावी खर्ची पडली.

कमला भागवत, म्हणजेच पुढील काळातील डॉ. कमला सोहोनी, यांच्यापुढील अडथळा निराळा होता. केवळ स्त्री म्हणून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना प्रथम प्रवेश नाकारला गेला. त्यांनी आग्रह सोडला नाही. प्रवेश मिळविला, तेथील काम पूर्ण केले आणि पुढे केंब्रिज विद्यापीठात वनस्पतींच्या पेशींतील श्वसनक्रियेशी संबंधित ‘सायटोक्रोम सी’ या द्रव्यावर संशोधन करून १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळविली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकपदापर्यंत त्या पोहोचल्या.

माहितीचा अभाव, पैशाचा अभाव आणि समाजाची अनास्था हे तीन अडथळे आजही पूर्णपणे नाहीसे झालेले नाहीत. मात्र यांपैकी पैशाच्या अडथळ्याविषयी जे गैरसमज रूढ आहेत, ते प्रथम दूर केले पाहिजेत.

पदवी आणि संशोधन यांतील फरक

‘परदेशी शिक्षण म्हणजे लाखो रुपयांचा खर्च’ हे विधान सरसकट खरे नाही. पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि डॉक्टरेटचे संशोधन यांच्या खर्चाची व्यवस्था बहुतेक देशांत अगदी भिन्न आहे. अमेरिका अथवा ब्रिटन येथील पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे शुल्क सामान्यतः विद्यार्थ्याला स्वतःच भरावे लागते. याउलट, अमेरिकेतील प्रमुख विद्यापीठांत विज्ञान शाखेच्या डॉक्टरेटसाठी निवड झालेल्या विद्यार्थ्यास बहुधा शुल्क माफ असते आणि अध्यापन वा संशोधन साहाय्यक म्हणून केलेल्या कामाबद्दल निर्वाहवेतन मिळते. जर्मनीतील संशोधनसंस्थांत डॉक्टरेटचे विद्यार्थी बहुतांशी वेतनावर नेमलेले असतात. तेथे संशोधक विद्यार्थ्याकडे ग्राहक म्हणून न पाहता प्रयोगशाळेचा एक कार्यकर्ता म्हणून पाहिले जाते.

हा भेद ठाऊक नसल्यामुळे एखादे कुटुंब शेतजमीन विकून वा मोठे कर्ज काढून मुलाला खर्चिक अभ्यासक्रमासाठी पाठविते. मुलाची खरी ओढ संशोधनाची असेल, तर भारतातच एम.एस्सी. उत्तम रीतीने पूर्ण करून डॉक्टरेटसाठी अर्ज करण्याचा मार्ग त्याला अल्पखर्चाचा आणि अधिक मानाचा ठरला असता. कर्जाचा निर्णय होण्यापूर्वी ‘हा अभ्यासक्रम कशासाठी?’ हा प्रश्न विचारणारा कोणीतरी जाणता माणूस कुटुंबाजवळ असणे आवश्यक आहे.

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणालाही शुल्क नाही, ही गोष्ट खरी आहे. परंतु तिला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून शुल्क घेतले जाते. शिवाय वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम विशेष बँक खात्यात जमा असल्याचे दाखवावे लागते आणि नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना आपल्या कागदपत्रांची पडताळणी झाल्याचे ‘एपीएस’ प्रमाणपत्र सादर करावे लागते. ‘शुल्क नाही’ याचा अर्थ ‘खर्च नाही’ असा घेऊ नये.

संधी कोठे आहेत?

जर्मनीतील माक्स प्लांक सोसायटी ही ८० हून अधिक संशोधनसंस्थांची संघटना आहे. तिची स्थापना १९४८ मध्ये, पूर्वीच्या कैसर विल्हेल्म सोसायटीची उत्तराधिकारी म्हणून झाली. त्या जुन्या सोसायटीच्या बर्लिन येथील मानववंशशास्त्र संस्थेत इरावती कर्वे यांनी संशोधन केले व १९३० मध्ये डॉक्टरेट मिळविली. मानवी कवट्यांची मोजमापे घेऊन त्यांनी काढलेला निष्कर्ष त्यांच्या मार्गदर्शकाच्या वंशविषयक कल्पनेला दुजोरा देणारा नव्हता. तरीही पुराव्याने जे दाखविले तेच त्यांनी मांडले. आज माक्स प्लांक संस्था विद्यापीठांच्या सहकार्याने आंतरराष्ट्रीय संशोधनशाळा चालवितात. तेथील काम मुख्यतः इंग्रजीतून चालते. जर्मन शैक्षणिक आदानप्रदान सेवा, म्हणजेच ‘डाड’, हिचे कार्यालय नवी दिल्लीत आहे. शिष्यवृत्त्यांची अधिकृत माहिती तेथून मिळते. डॉक्टरेटनंतरच्या संशोधनासाठी अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट प्रतिष्ठानाची अधिछात्रवृत्ती प्रसिद्ध आहे.

इटलीतील त्रिएस्त येथे डॉ. अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्र स्थापन केले. विकसनशील देशांतील वैज्ञानिक एकाकी पडू नयेत हा त्यांचा हेतू होता. या केंद्राचा एक वर्षाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम भौतिकी व गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी असून निवड झालेल्यांना शुल्क द्यावे लागत नाही व निर्वाहवेतन मिळते. महाविद्यालयीन प्राध्यापकांसाठीही तेथे अल्पमुदतीच्या कार्यशाळा असतात.

युरोपीय संघाच्या मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी योजनेखाली डॉक्टरेटच्या वेतनी जागा जाहीर होतात. तिचा एक नियम भारतातील उमेदवाराला अनुकूल आहे. मागील ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ वास्तव्य केलेला उमेदवार तेथील जागेसाठी सामान्यतः अपात्र ठरतो. म्हणजे बाहेरून येणाऱ्याला येथे मुद्दाम वाव ठेवलेला आहे. जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचा भारत जानेवारी २०१७ पासून सहयोगी सदस्य आहे. त्यामुळे भारतीय नागरिकांना तेथील काही पदांसाठी व प्रशिक्षण योजनांसाठी अर्ज करता येतो.

जपानमधील ओकिनावा विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत निवड झालेल्या प्रत्येक डॉक्टरेट विद्यार्थ्याला आर्थिक साहाय्य मिळते आणि शिक्षणाचे माध्यम इंग्रजी आहे. जपान सरकारची ‘मेक्स्ट’ शिष्यवृत्तीही आहे. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू अधिछात्रवृत्त्या आणि ब्रिटनसाठी राष्ट्रकुल शिष्यवृत्त्या दीर्घकाळापासून परिचित आहेत. यांतील काही योजना भारतात पीएच.डी. साठी नोंदणी झालेल्या विद्यार्थ्याला काही महिने परदेशी प्रयोगशाळेत काम करू देतात. येथील संशोधन न सोडता बाहेरचा अनुभव घेण्याचा हा मार्ग अनेकांना सोयीचा असतो.

शोध कसा घ्यावा?

बहुतेक विद्यार्थी देशापासून सुरुवात करतात; ‘मला अमेरिकेला जायचे आहे’ असे म्हणतात. संशोधनाच्या क्षेत्रात सुरुवात प्रश्नापासून करावयाची असते. सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी ज्वारीच्या मुळांभोवतालच्या जिवाणूंवर एम.एस्सी. चा प्रकल्प करीत आहे, अशी कल्पना करावी. या विषयावरील अलीकडचे पाच-सहा शोधनिबंध तिने मार्गदर्शकाच्या साहाय्याने वाचले, तर तीच ती नावे, त्याच त्या प्रयोगशाळा पुन्हा पुन्हा समोर येतील. तिच्यासाठी खरी यादी ती होय.

त्यानंतर त्या प्रयोगशाळेच्या प्रमुखास पत्र लिहावे. ते एका पानापेक्षा मोठे नसावे. आपण कोण, कोणते काम केले, त्यात काय आढळले, त्यांच्या कोणत्या निबंधातील कोणता मुद्दा आपल्याला अभ्यासावासा वाटतो आणि पुढील वर्षी जागा आहे काय, एवढे पाच मुद्दे पुरेत. ‘आदरणीय महोदय, आपण थोर शास्त्रज्ञ आहात’ अशा आरंभाचे व शंभर जणांना एकाच मजकुराने पाठविलेले पत्र वाचले जात नाही. ज्याने आपला निबंध वाचला आहे, अशाचे पत्र मात्र सहसा वेगळे ओळखू येते. उत्तर न आल्यास दोन-तीन आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण द्यावी व पुढे जावे. नकार हा या मार्गाचा नित्याचा भाग आहे.

परदेशी अर्जाची पूर्वतयारी देशातच होते. टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याचे आयुका आणि देशातील विज्ञान अकादमी यांचे उन्हाळी संशोधन उपक्रम विद्यार्थ्याला खऱ्या प्रयोगशाळेची ओळख करून देतात. तेथील दोन महिन्यांचे काम आणि तेथील शास्त्रज्ञाचे शिफारसपत्र यांना परदेशी निवड समितीपुढे मोठे वजन असते.

वेळेचे गणित

प्रत्यक्ष प्रवेशाच्या सुमारे १८ महिने आधी तयारीस लागणे हिताचे असते. अमेरिकी विद्यापीठांचे डॉक्टरेटचे अर्ज साधारणतः डिसेंबरच्या सुमारास बंद होतात आणि अभ्यास पुढील ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतो. तेथील बहुतेक प्रमुख विद्यापीठांच्या सामंजस्यानुसार, आर्थिक साहाय्यासह दिलेल्या प्रवेशाचे उत्तर १५ एप्रिलपूर्वी देण्याची सक्ती विद्यार्थ्यावर नसते. हे माहीत नसल्याने काही विद्यार्थी पहिल्या होकारालाच घाईने बांधून घेतात. टोफेल व आयएल्टस या इंग्रजी परीक्षांचे गुण दोन वर्षे ग्राह्य धरले जातात. म्हणून त्या फार आधी देणेही व्यर्थ होय.

शिष्यवृत्त्या

जेथे संस्था खर्च उचलीत नाही, तेथे शिष्यवृत्तीचा आधार घ्यावा लागतो. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये स्थापन केलेल्या निधीतून उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळते. डॉ. जयंत नारळीकर हे या निधीचे विद्यार्थी होत. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू असून ती अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी आहे. अनुसूचित जमातींसाठी केंद्राची स्वतंत्र योजना आहे. महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असून आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण इत्यादी विभागांच्याही योजना आहेत. जागांची संख्या, उत्पन्नाची मर्यादा आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट वेळोवेळी बदलते; म्हणून त्या वर्षीची मूळ जाहिरात वाचावी, गतवर्षीच्या ऐकीव माहितीवर विसंबू नये.

फसवणुकीपासून सावध

जेथे इच्छा प्रबळ आणि माहिती अपुरी, तेथे मध्यस्थ निर्माण होतात. कोणतीही प्रतिष्ठित संशोधनसंस्था निवडीची हमी देण्यासाठी पैसे घेत नाही. नेमणूकपत्र संस्थेच्या अधिकृत पत्त्यावरून आलेले असते. शंका आल्यास संस्थेच्या संकेतस्थळावरील कार्यालयाला थेट विचारावे. पैसे घेऊन तपासणीविना निबंध छापणाऱ्या नियतकालिकांपासूनही दूर राहावे. अशा निबंधांनी अर्जाचे वजन वाढण्याऐवजी घटते. परदेशी पदवीला भारतात समकक्षता मिळण्याविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये विनियम केले आहेत. प्रवेश घेण्यापूर्वीच ते पाहून घेणे शहाणपणाचे ठरेल.

शिक्षक, पंचायत आणि कार्यालये

अर्ज विद्यार्थी करतो. परंतु त्यातील काही कागद इतरांच्या हातचे असतात. शिफारसपत्र हा त्यांतील सर्वांत महत्त्वाचा. ‘विद्यार्थी परिश्रमी, आज्ञाधारक व चारित्र्यवान आहे’ एवढेच लिहिलेल्या पत्रातून निवड समितीला काहीही बोध होत नाही. विद्यार्थ्याने कोणता प्रयोग केला, तो फसला तेव्हा काय केले, कोणता प्रश्न स्वतःहून विचारला, वर्गातील किती विद्यार्थ्यांत त्याचा क्रमांक कितवा, हे लिहिणारे पत्र उपयोगाचे असते. हे पत्र बहुधा संस्थेकडून शिक्षकाच्या ई-मेलवर आलेल्या दुव्यातून थेट पाठवावयाचे असते. शिक्षकाने मुदतीत ते पाठविले नाही, तर विद्यार्थ्याचा अर्ज अपुरा राहतो आणि त्याचे पूर्ण वर्ष वाया जाते. विद्यार्थ्याने स्वतःच मजकूर लिहावा व शिक्षकाने केवळ नाव द्यावे, ही प्रथा दोघांनाही कमीपणा आणणारी आहे.

ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत एक नाव, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरे आणि पारपत्रावर तिसरे, असा प्रकार खेड्यांत विरळा नाही. वडिलांचे नाव वा आडनाव यांच्या इंग्रजी स्पेलिंगमधील एका अक्षराच्या फरकानेही परदेशी कार्यालयात शंका उपस्थित होते. शाळेत नाव घालतानाच ही काळजी घेतली गेली, तर पुढील अनेक खेपा वाचतात. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र ही शिष्यवृत्तीच्या अर्जातील कळीची कागदपत्रे होत. ज्या कर्मचाऱ्याच्या टेबलावर असा अर्ज येतो, त्याने त्यामागील मुदत विचारून घेतली, तर एखाद्या विद्यार्थ्याचे भवितव्य बदलू शकते. पंचायत सदस्यांनीही मुलींच्या बाबतीत विशेष लक्ष घालावे. ‘एवढ्या लांब मुलीला कसे पाठवायचे?’ या प्रश्नाला तिच्या गावातील वजनदार माणसाने दिलेले धीराचे उत्तर एखाद्या शिष्यवृत्तीइतकेच मोलाचे असते.

महाविद्यालयात एखाद्या प्राध्यापकाकडे ही जबाबदारी सोपवावी. वर्षभरातील प्रमुख मुदतींचा तक्ता ग्रंथालयात लावणे, परदेशी गेलेल्या माजी विद्यार्थ्यांशी पत्रव्यवहार ठेवणे आणि त्यांना सुटीत आले असता वर्गात बोलावणे, एवढ्यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही.

परतीचा मार्ग

‘गेलेला परत येत नाही’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. डॉ. वसंत गोवारीकर बर्मिंगहॅमहून परतून अंतराळ संशोधनात रमले. डॉ. नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९८८ मध्ये त्यांनी पुण्यात आयुका उभे केले. डॉ. रघुनाथ माशेलकर १९७६ मध्ये इंग्लंडहून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत दाखल झाले. हे सर्व परतले, कारण येथे करण्याजोगे काम त्यांना दिसत होते. आज हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याच्या प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिलेली आहे. अशा वेधशाळेला बाहेर राहून अनुभव घेतलेले संशोधक लागतील. त्यांतील काही मराठवाड्याच्याच शाळांतून यावेत, अशी अपेक्षा करणे वावगे ठरणार नाही.

२८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञानदिनी खोडदच्या दुर्बिणीच्या परिसरात विज्ञान प्रदर्शन भरत आले आहे. आसपासच्या शाळांतील मुले तेथे ४५ मीटर व्यासाच्या अँटेनाखाली उभी राहून वर पाहतात. त्या अँटेनांची कहाणी एका ज्येष्ठाने परत येऊन तरुणांना सांगितलेल्या हकीकतीपासून सुरू झाली होती. या मुलांबरोबर आलेल्या शिक्षकाने ती हकीकत त्यांना तेथेच सांगावी आणि गावी परतल्यावर पुढील वर्षाच्या मुदतींचा तक्ता शाळेच्या फलकावर लावावा.